कल्टारने थकलेल्या कलमांखालची माती सावरण्याची कृती

हापूसला दरवर्षी आणि वेळेवर मोहोर यावा म्हणून रत्नागिरीचे बागायतदार कलमांच्या मुळांशी पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजेच कल्टार देतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची शिफारस झाडाच्या विस्ताराच्या दर मीटर व्यासाला 3 मिली आहे. मात्रा त्याहून वाढत गेली की औषध मातीत साठते. नवी फूट आखूड राहते, पाने आणि मोहोर दाटीने गुच्छात येतात. मातीतले जिवाणू हे औषध हळूहळू फोडतात, पण त्यांना सेंद्रिय खाद्य लागते.

साहित्य
पातेरा, गिरिपुष्पाचा हिरवा पाला, ताजे शेण, काजूची बोंडे किंवा आंब्याच्या साली, थोडी राख, झाकायला झावळ्या.

कृती
1. थकलेल्या कलमांना निदान एक हंगाम कल्टार देऊ नका.
2. मातीचा नमुना प्रयोगशाळेत देऊन सामू आणि सेंद्रिय कर्ब तपासून घ्या. जांभ्याची माती मुळातच आम्लधर्मी असते.
3. शिमग्यानंतर सावलीत 5 फूट रुंद ढीग रचा. फूटभर पातेरा, त्यावर अर्धा फूट हिरवा पाला, वर शेणाची रबडी, असे थर 4 फुटांपर्यंत चढवा. बोंडे आणि साली आंबट असतात. त्यांचा थर पातळ ठेवून वर राख भुरभुरा.
4. ढीग झावळ्यांनी झाका आणि ओलावा टिकवा. मूठभर खत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये. दर तीन आठवड्यांनी ढीग वरखाली करा.
5. पावसाच्या तोंडाशी खत काळे, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचे झाले की ते तयार. विस्ताराच्या आतल्या बाजूने उथळ गोल चर खणा. दहा वर्षांवरच्या कलमाला 50 किलो खत घालून चर मातीने बुजवा.
6. उताराच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घाला. नाहीतर कोकणचा पाऊस खत वाहून नेतो.
7. पाऊस सरल्यावर बुंध्यापासून दोन फूट सोडून पातेऱ्याचे जाड आच्छादन करा.

काळजी
हे काम दरवर्षी करा. नवी फूट पुन्हा लांब येऊ लागेपर्यंत कल्टार हातात घेऊ नका. कारखान्याच्या सांडपाण्यातून आलेले जड धातू खताने नष्ट होत नाहीत. लोटे-परशुरामसारख्या औद्योगिक पट्ट्यात आधी माती आणि पाणी तपासा.

आणि बागेतला पातेरा जाळू नका. कलमांचे खाद्य तेच आहे, तेही फुकट.