नावांची ओळ

कल्याणच्या आग्नेयेस वालधुनी नदीच्या काठी अंबरनाथचे प्राचीन शिवमंदिर उभे आहे. तेथील शिलालेखात शके 982, म्हणजे इ.स. 1060 हे वर्ष आणि शिलाहार राजा मम्वाणी याचे नाव कोरलेले आहे. परंतु ज्यांच्या छिन्नीने तो पाषाण सजीव केला, त्या शिल्पकारांची नावे आज कोणालाही ठाऊक नाहीत. त्यांची कला उरली. ते मात्र काळाच्या उदरात गडप झाले.

याच अंबरनाथ परिसरात, जांभूळ फाट्यावर, एकविसाव्या शतकात एका महाविद्यालयाच्या आश्रयाने नॅनो व जैवनॅनो तंत्रज्ञानाचे संशोधन केंद्र स्थापन झाले. एका मीटरचे शंभर कोटी समान भाग केले, तर त्यांतील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. माणसाच्या केसाची जाडीसुद्धा सुमारे 80,000 नॅनोमीटर भरते! अशा सूक्ष्म कणांचा अभ्यास येथे होऊ लागला.

या केंद्रात महेश्वर शेरॉन व माधुरी शेरॉन या शास्त्रज्ञ दांपत्याने संशोधकांना मार्गदर्शन केले. मुंबईच्या आय.आय.टी.त असताना महेश्वर शेरॉन व त्यांच्या सहकाऱ्यांनी देवघरातील कापरापासून फुलरीन नावाचे, आतून पोकळ असे कार्बनचे रेणू मिळविले होते. ते संशोधन 1994 साली प्रसिद्ध झाले. परिचित वस्तूकडे नव्या दृष्टीने पाहण्याची हीच वृत्ती अंबरनाथमध्येही दिसून आली. उपवासाला आपण शिंगाडा खातो व त्याची साल फेकून देतो. त्या सालीचा अर्क तापवून येथील संशोधकांनी कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार केले. अतिनील किरण पडताच ते हिरव्या तेजाने चमकतात. पेशींचे अंतरंग पाहण्यासाठी त्यांचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा. म्हणून जिवंत पेशींना त्यांची बाधा होते की काय, हेही तपासण्यात आले.

हा शोधनिबंध 2013 साली प्रसिद्ध झाला. त्यावर आठ नावे आहेत. पहिले नाव अश्मी मेवाडा यांचे असून मार्गदर्शक शेरॉन दांपत्याची नावे सर्वांत शेवटी आहेत. ज्याने प्रयोगाचा मुख्य भार वाहिला त्याचे नाव आधी आणि गुरूचे नाव अखेरीस, अशी अनेक शास्त्रांत रीत आहे.

शाल, श्रीफळ व पदक यांनी गुणवंतांचा गौरव होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु ज्याने श्रम केले त्याचे नाव त्या श्रमाशी कायमचे जोडले जाणे, हा संशोधकाचा पहिला सन्मान होय. या सन्मानाबरोबर जबाबदारीही येते. जगातील कोणीही तोच प्रयोग करून निष्कर्ष पडताळून पाहू शकतो, आणि तो चुकीचा ठरल्यास उत्तर त्या नावांनाच द्यावे लागते. म्हणून इतरांच्या श्रमाचे श्रेय त्यांना देणे आणि आपल्या कामाचे उत्तरदायित्व स्वतः घेणे, या दोन गोष्टी विद्यार्थिदशेतच अंगी बाणवाव्यात.

अभ्यास
1. मंदिराचे शिल्पकार व शोधनिबंधाचे लेखक यांच्यात कोणता भेद दाखविला आहे?
2. ‘काळाच्या उदरात गडप होणे’ या वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा.