एका कामाचे दोन दाम

कांद्याची लागण चालू आहे. वावरात दहा माणसे आहेत. सहा बाया, चार गडी. सकाळी सगळे एकाच वेळी वाफ्यात उतरले. दुपारी एकाच झाडाखाली भाकरी सोडली. दिवस कलला तेव्हा सगळ्यांच्या कमरा सारख्याच मोडल्या होत्या. मग मुकादमाने पैसे वाटले. गड्याच्या हातावर जास्त, बाईच्या हातावर कमी.

एक मावशी म्हणाल्या, "मुकादम, आमच्या वाफ्यात रोपं कमी लागली का?"

"नाही वो मावशी. पण बाईमाणसाचा दर हाच हाय. पहिल्यापासनं रिवाज हाय गावात."

"मग त्या दुकानदाराला बी सांगा की. आम्हाला त्याल बाईच्या दरानं दे म्हनावं!"

सगळे हसले. मुकादमही हसला. पण पैसे काही वाढले नाहीत.

मावशींचे बोलणे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. दुकानात तेलाला एकच भाव असतो. एस. टी. चे तिकीट काढा, डॉक्टरची फी द्या, पोराची वही घ्या. पैसे देताना बाईला कोणी सूट देत नाही. (महाराष्ट्रात एस. टी. च्या भाड्यात स्त्रियांना २०२३ पासून सवलत आहे, तेवढी गोष्ट सोडा.) मग पैसे घेतानाच तिला कमी का?

आता हिशोब करून पाहू. समजा गड्याची मजुरी ४०० रुपये आहे आणि बाईची ३००. हे आकडे फक्त हिशोब समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या गावचे आकडे तुम्ही घाला. रोज १०० रुपयांचा फरक. वर्षातून २०० दिवस काम मिळाले, तर फरक किती? वीस हजार रुपये. लहान घरात वर्षाचे तेल, डाळ, औषधपाणी आणि पोरांच्या वह्या यांतले पुष्कळ काही एवढ्या पैशात भागते. म्हणजे हा फरक एकट्या बाईचा नाही. तो सगळ्या घराच्या ताटातून उचललेला आहे. नवऱ्यालाही तो लागतो, पोरांनाही लागतो. ज्या घरात बाईच एकटी कमावती आहे, तिथे तर चूल पेटते ती त्या ३०० वरच.

त्यात महागाई येते. बाजारभाव आठवड्याला हलतो, मजुरी वर्षवर्ष हलत नाही. ज्याची कमाई जास्त, तो महागाईत कापड घेणे पुढे ढकलतो. ज्याची कमाई कमी, त्याची सगळीच पोटावर खर्च होते. त्याला पुढे ढकलायला काय आहे? तो डाळ पातळ करतो. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास भाव असेच भडकले होते. तेव्हा मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी आणि थाळ्या वाजवीत रस्त्यावर आल्या. महागाई म्हणजे काय ते त्यांना कोणी पुस्तकातून शिकवायला नको होते.

मजुरी किती असावी, हे सरकार कसे ठरवते? १९४८ साली आपल्या देशात किमान वेतनाचा कायदा झाला. किमान वेतन म्हणजे ज्याच्या खाली मजुरी देताच येत नाही अशी रक्कम. पण ती काढायची कशी? १९५७ साली सरकार, मालक आणि कामगार यांचे प्रतिनिधी एका परिषदेत बसले. त्यांनी माप ठरवले. ते माप मोठे पाहण्यासारखे आहे.

एक कमावता आणि त्याचे कुटुंब मिळून खाणारी तोंडे तीन धरावीत. मोठ्या माणसाला दिवसाला २,७०० उष्मांकांचे अन्न लागते असे धरावे. उष्मांक म्हणजे अन्नातून अंगाला मिळणारी ताकद मोजायचे माप. कापड माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चार माणसांच्या घराला ७२ वार. आजच्या मापाने ते सुमारे ६६ मीटर होते. त्यावर घरभाडे. आणि सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी एकूण वेतनाचा पाचवा हिस्सा. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालय म्हणाले की माणूस एवढ्यावर जगत नाही. मुलांचे शिक्षण, आजारपण, सणवार, म्हातारपण, लग्नकार्य यांसाठी आणखी चौथा हिस्सा धरला पाहिजे.

चार माणसांची तीन तोंडे कशी झाली? पुरुष एक, बाई एकाहून थोडी कमी आणि मुले त्याहून कमी, असे धरून बेरीज केली. आणखी एक गोष्ट त्या परिषदेने सांगितली. घरातल्या बायकोची कमाई या हिशोबात धरू नये. हेतू चांगला होता. एकट्याच्या मजुरीवर घर चालले पाहिजे, बायकोला राबावे लागते म्हणून मालकाने दर पाडू नये, असा तो हेतू. पण लोकांच्या डोक्यात उलटे बसले. पुरुषाची ती मजुरी आणि बाईची ती वरकमाई! वरकमाईला कमी दिले तरी चालते, असे मग मालकही म्हणतो आणि कधीकधी घरचा माणूसही म्हणतो. माझ्या मते रिवाजाचे खरे मूळ इथे आहे. बाई कमी काम करते असे कोणी मनापासून मानत नाही. रोपे लावताना तिला कोणी "अर्धीच सरी धर" म्हणत नाही.

आता कायद्याचे पाहू. आपली राज्यघटना २६ जानेवारी १९५० ला लागू झाली. तिच्या ३९ व्या कलमात लिहिले आहे की स्त्री आणि पुरुष यांना समान कामाबद्दल समान वेतन मिळावे. पण हे कलम सरकारला वाट दाखवणारे आहे. एवढ्या कलमावर मजूर थेट कोर्टात दाद मागू शकत नाही. त्यासाठी वेगळा कायदा लागतो. सगळ्या जगाच्या कामगार संघटनेने १९५१ साली समान वेतनाचा करार केला. त्यावर भारताने १९५८ साली सही केली. तरी कायद्याला वेळ लागला. १९७५ साल जगभर महिला वर्ष म्हणून पाळले गेले. त्या वर्षी सरकारने वटहुकूम काढला आणि १९७६ साली समान वेतनाचा कायदा झाला. घटना लागू झाल्यावर सव्वीस वर्षांनी!

कायद्याचे सार सोपे आहे. काम सारखे असेल, किंवा सारख्याच धर्तीचे असेल, तर बाईला कमी देता येत नाही. नोकरीवर घेतानाही बाई म्हणून डावलता येत नाही. आणि एक पळवाट कायद्याने आधीच बुजवली. बाईचा दर वाढवायचा नाही म्हणून पुरुषाचा दर खाली आणला, असे करता येत नाही.

२०१९ साली संसदेने वेतन संहिता नावाचा कायदा केला. किमान वेतनाचा १९४८ चा आणि समान वेतनाचा १९७६ चा, असे जुने कायदे त्यात मिळवले. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. जुन्या कायद्याचे नाव गेले, पण वर सांगितलेले सार नव्या कायद्यात आहे.

कायदा कागदावर राहतो, असे तुम्ही म्हणाल. पुष्कळ वेळा राहतोच. पण नेहमी नाही. १९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ भरायचे होते. मोठी मैदाने, पूल, रस्ते बांधायला गावोगावचे मजूर आणले होते. रोजची किमान मजुरी ९ रुपये २५ पैसे होती. ठेकेदार पैसे जमादाराच्या हाती देई. जमादार रुपया कापून मजुराला ८ रुपये २५ पैसे देई. आणि बायांना? त्यांना ७ रुपये. बाकीचे जमादाराच्या खिशात. काही अभ्यासकांनी कामावर जाऊन हे पाहिले. एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना पत्र लिहिले. साधे पत्र! कोर्टाने त्या पत्रालाच अर्ज मानले. निकाल दिला की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणे ही वेठ आहे. भुकेपोटी माणूस कमी पैशात राबायला तयार होतो. ती त्याची राजीखुशी नव्हे, तीही बळजबरीच.

पुढच्याच वर्षी राजस्थानातल्या दुष्काळी कामाचा निकाल लागला. सरकारचे म्हणणे होते की हे दुष्काळातले मदतीचे काम आहे, इथे किमान वेतन कशाला? कोर्टाने सांगितले, लोक अडले आहेत म्हणून सरकारलाही मजुरी पाडता येत नाही. ही गोष्ट महाराष्ट्रातल्या माणसाला लगेच समजेल. आपल्याकडे वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना आली. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक खडी फोडायला आणि पाझर तलावावर गेले. त्यांत बाया फार मोठ्या संख्येने होत्या. शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवून या कामाला पैसा उभा केला. १९७७ साली तिचा कायदा झाला. तिथे मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर. टेप धरली की खड्डा बाईने खणला की गड्याने, हे टेप विचारीत नाही.

तिसरा निकाल १९८७ सालचा, मुंबईतला. एका जहाज कंपनीत लघुलेखनाचे काम करणाऱ्या बायकांना पुरुषांपेक्षा कमी पगार होता. कंपनीने दोन सबबी सांगितल्या. एक, युनियनशी तसा करार झाला आहे. दुसरी, आम्हाला परवडत नाही. कोर्टाने दोन्ही सबबी नाकारल्या. आता गावातला मुकादम काय म्हणतो ते आठवा. "रिवाज हाय." "बैठकीत ठरलं हाय." "शेती परवडत न्हाई." शेती परवडत नाही हे खोटे नाही. लहान शेतकऱ्याची ओढाताण आपण रोज पाहतो. त्याच्या मालाला भाव मिळावा म्हणून भांडलेच पाहिजे. पण तोटा बाईच्याच मजुरीतून का काढायचा? खताच्या दुकानात तो असे म्हणू शकतो का?

तरी पळवाटा उरल्या आहेत. त्याही सांगितल्या पाहिजेत. सारखे काम असेल तर सारखा दर. मग मालक कामालाच वेगळे नाव देतो. निंदणी-खुरपणी बाईची. नांगरट, फवारणी गड्याची. खुरपायला गडी येतच नाही. मग बाईचा दर कोणाशी ताडून पाहायचा? इथे समान वेतनाचा कायदा लंगडा पडतो. इथे किमान वेतनच धरून बसावे लागते. ते बाईला आणि गड्याला एकच असते.

ऊसतोडीत आणखी वेगळी गत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. उचल बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. तो ऊस तोडतो. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहून गाडीत भरते, आणि पहाटे उठून भाकरीही तीच थापते. हिशोब टनावर आणि कोयत्याच्या नावावर. तिला पुरुषापेक्षा कमी मिळते का, असे विचारायलाच जागा नाही. तिचा वेगळा दरच नाही! मला विचाराल तर मुकादमाच्या वहीत प्रत्येक कोयत्यापुढे दोन नावे आणि दोन सह्या असाव्यात.

आता लिहिता-वाचता येऊ लागले आहे, तर एक लहान वही घाला. रोज चार गोष्टी लिहा. तारीख, कोणाच्या वावरात, कोणते काम, किती पैसे मिळाले. बरोबरच्या गड्याला किती मिळाले तेही लिहा. अंगठा उठवण्याआधी हजेरीपत्रक वाचा. आकडा आणि हातातले पैसे जुळतात का पाहा.

कमी पैसे मिळाले, तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात अर्ज देता येतो. मजूर स्वतः देऊ शकते, नोंदलेली युनियन तिच्या वतीने देऊ शकते. नव्या संहितेप्रमाणे तीन वर्षांच्या आत अर्ज करायचा. पैसे पुरते दिले होते, हे मालकाने दाखवायचे. दिले नाहीत, हे बाईने सिद्ध करत बसायचे नाही. शेतावर पाचापर्यंतच माणसे लावणाऱ्या मालकावर मजुरीची चिठ्ठी देण्याची सक्ती नाही. म्हणून तर आपली वही जास्त कामाची. वकील लागला, तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. तिथे बाईला वकील फुकट मिळतो. तिची कमाई किती, हे त्यासाठी विचारत नाहीत.

एकटीने अर्ज दिला, तर उद्या तिला कामावर बोलावणार नाहीत, ही भीती खरी आहे. म्हणून अर्जावर वाफ्यातल्या सहाही जणींची नावे असू द्या. गड्यांपैकी कोणी सही करत असेल, तर त्याचीही घ्या. वर तारीख घाला. खाली गाव आणि तालुका लिहा. अर्जाची एक नक्कल आपल्याजवळ ठेवा आणि तिच्यावर कार्यालयाचा शिक्का मारून घ्या.