तुकोबारायांच्या प्रयाणाचे साल : शक, संवत् आणि सन

श्रीतुकोबारायांचे वैकुंठगमन कोणत्या साली झाले, हा प्रश्न बीजेच्या दिवसांत हमखास निघतो. तिथीविषयी वाद नाही. फाल्गुन वद्य द्वितीया, शके १५७१, विरोधीनाम संवत्सर, हे वारकऱ्याच्या पोराला देखील पाठ असते. पण इसवी सन लिहावयाची वेळ आली की एका पुस्तकात १६४९ आणि दुसऱ्यात १६५० आढळते. मग कोणी म्हणतो हा ग्रंथकार चुकला, कोणी म्हणतो तो चुकला, आणि कोणी तर म्हणतो की जुन्या सालांचा भरवसाच धरू नये. हे शेवटचे बोलणे आम्हांस मुळीच मान्य नाही. साल पक्के आहे. घोटाळा आहे तो रूपांतरात.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, असे आपण शाळेत शिकलो. ते खरे, पण अर्धेच. आपले वर्ष गुढीपाडव्याला लागते आणि इसवी सन बदलतो आपल्या मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास. म्हणजे शके १५७१ चा पाडवा पडला १६४९ मध्ये, आणि त्याच शकाचे माघ-फाल्गुन गेले १६५० मध्ये. तेव्हा चैत्रापासून कार्तिकापर्यंत ७८ मिळवावे, माघ-फाल्गुनाला ७९ मिळवावे, आणि तिथी मधल्या दोन महिन्यांतली असेल तर जंत्री उघडून पाहावी, अंदाज बांधू नये. आळंदीचा सोहळा घ्या. कार्तिक वद्य त्रयोदशी, शके १२१८, तेथे ७८ मिळवून १२९६ बरोबर येतात. तीच रीत देहूस लावली की एक वर्ष कमी पडते. बीजेचे साल १६५० हेच खरे.

यात एक गंमत आहे बरं का. त्या काळी इंग्रजांचे नवे वर्ष कायद्याने २५ मार्चला लागत असे. ती चाल १७५२ साली सुटली. शिवाय त्यांची तारीख रोमच्या सुधारलेल्या पंचांगाहून दहा दिवस मागे होती. म्हणून ती बीज जुन्या गणनेने ९ मार्चला येते आणि नव्या गणनेने १९ मार्चला. त्या दिवशी लंडनमध्ये कोणी पत्र लिहिले असते तर त्यावर '९ मार्च १६४९' असेच घातले असते! दिवस एकच, पण अंक चार प्रकारचे.

आता दुसरी गोष्ट, गत आणि वर्तमान. मुलगा बारा वर्षांचा झाला म्हणजे त्याची बारा वर्षे सरली. तेराव्यात आहे म्हटले की चालू वर्ष सांगितले. आपल्या पंचांगातला शक हा गत, म्हणजे सरलेल्या वर्षांचा आकडा आहे. जुन्या शिलालेखांत क्वचित् चालू वर्षाचा आकडा असतो, तो एकाने जास्त दिसतो. हा भेद नुसत्या विद्वानांच्या कामाचा आहे असे समजू नका. शके १५७१ च्या फाल्गुनापासून शके १९४६ च्या फाल्गुनापर्यंत, म्हणजे मार्च २०२५ पर्यंत, ३७५ वर्षे पुरी झाली. पण जो प्रयाणाचा दिवसच 'पहिला' धरील त्याच्या हिशेबाने ती ३७६ वी बीज. एका दिंडीच्या फलकावर एक आकडा आणि दुसरीच्या फलकावर दुसरा दिसला तर भांडायचे कारण नाही. 'पुरी झालेली' की 'चालू', एवढे विचारावे म्हणजे झाले.

अंकाला साक्षीदार लागतो, आणि पूर्वजांनी तो देऊन ठेवला आहे. तो म्हणजे संवत्सराचे नाव. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ नावे, आणि साठ सरली की पुन्हा प्रभव. शकात १२ मिळवावे, ६० ने भागावे, बाकी उरेल तितवे नाव मोजावे. बाकी शून्य आली तर क्षय. १५७१ आणि १२ मिळून १५८३. साठाने भागता बाकी २३. तेविसावे नाव विरोधी. जुळले! ज्ञानोबारायांच्या समाधीचा शक १२१८, बाकी ३०, तिसावे नाव दुर्मुख. हेही जुळले. लिहिताना एखादा अंक चुकला तर नाव लगेच चुगली करते.

मात्र नावाकडून भलतेच काम करवून घेऊ नये. माउलींच्या जन्माविषयी दोन परंपरा आहेत, शके ११९३ आणि शके ११९७. पहिल्याचे संवत्सर प्रजापति, दुसऱ्याचे युवा, आणि दोन्ही गणिताने शुद्ध. ज्ञानेश्वरी सिद्ध झाली शके १२१२ मध्ये. म्हणजे एका हिशेबाने माउली तेव्हा एकोणीस वर्षांची, एका हिशेबाने पंधरा. यातला निवाडा नावावरून होत नाही, त्याला इतर पुरावाच पाहावा लागतो. आणि हा नियम दक्षिणेकडचा. नर्मदेच्या उत्तरेला संवत्सर गुरूच्या गतीने मोजतात, तेथे त्याच वर्षाला निराळे नाव पडते.

नामदेवरायांच्या घुमानास पंजाबात जे जातात त्यांना आणखी एक चकवा भेटतो. उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. शुद्ध पक्षात दोघांचे महिने एक. वद्य पक्षात त्यांचा महिना एकाने पुढे. आपली कार्तिक वद्य त्रयोदशी ती त्यांची मार्गशीर्ष कृष्ण त्रयोदशी. आपली बीज त्यांच्या चैत्रात पडते! तरी साल मात्र जुनेच, कारण त्यांचेही नवे वर्ष चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच लागते. शकात १३५ मिळवून विक्रम संवत् १७०६ झाला. गुजराथेत संवत् दिवाळीनंतर कार्तिकात बदलतो, म्हणून चैत्र ते आश्विन त्यांचा आकडा एकाने कमी असतो. फाल्गुनात तेथेही १७०६ च.

देवस्थानांच्या जुन्या सनदा वाचणाऱ्यांना सुहूर सन भेटतो. तो मृग नक्षत्री बदलतो आणि अंकांऐवजी अरबी शब्दांनी लिहितात. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवावे, पुढे मृगापर्यंत ६००. 'खमसैन अलफ' म्हणजे पन्नास आणि हजार, १०५०. त्यात ६०० घातले की आले १६५०. दफ्तरखान्यातला कारकून आणि देहूचा वारकरी एकाच दिवसावर येऊन उभे राहिले! दक्षिणी फसली सन सुहुराहून नऊने पुढे, म्हणजे १०५९.

सरकारी राष्ट्रीय पंचांगातही शकच आहे, तो २२ मार्च १९५७ पासून चालू झाला. पण त्याचे चैत्र-वैशाख सूर्याचे, तिथीचे नव्हेत. त्यातली 'फाल्गुन २' पाहून कोणी बीज करू नये.

मठाच्या किंवा धर्मशाळेच्या दगडावर साल कोरावयाचे असेल तर नुसता आकडा कोरू नका. आमच्या मते एवढे असावे : फाल्गुन वद्य २, शालिवाहन शके १५७१, विरोधीनाम संवत्सर, इसवी सन १६५०.