भिंत नसलेल्या पाण्यातून भिंतीकडे

प्रश्न : गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात पोहायला शिकलो. आता वय ४४. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये मास्टर्स स्पर्धेला उतरायचे आहे, पण प्रत्येक टर्नला मागे पडतो. काय करू?
– एक वाचक, दिघोरी (जि. भंडारा)

उत्तर : साहजिक आहे. तलावाला भिंत नसते, त्यामुळे टर्न अंगवळणी पडलेलाच नाही. दोन्ही हात एकाच वेळी, एकमेकांपासून वेगळे ठेवून भिंतीला लावा, नाहीतर बाद. काठ पकडून अंग वर ओढू नका, बहुतेकांचा वेळ तिथेच जातो. हात टेकताच एक कोपर पाण्यातून मागे खेचा, गुडघे पोटाशी घ्या, दुसरा हात कानाजवळून आणा. कुशीवरून भिंत ढकलायला घ्या, पण पाय भिंत सोडेपर्यंत पालथे व्हा.

पुढचा पुलआउट, म्हणजे भिंत सोडल्यावरची पाण्याखालची हालचाल, खरा मोलाचा. आधी बाणासारखे ताठ राहा. मग एक डॉल्फिन किक, एकदाच हात मांड्यांपर्यंत, हात अंगालगत पुढे, ब्रेस्टस्ट्रोकची किक आणि वर. २००४च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये जपानच्या कोसुके किताजिमाच्या याच डॉल्फिन किकवरून वाद झाला. पुढच्या वर्षी नियमाने एक किक मान्य केली. दोन मारल्यात तर बाद. हातांच्या दुसऱ्या फेरीत हात सर्वांत रुंद होऊन आत वळण्याआधी डोके पाण्याबाहेर हवे. आणि पाण्याखाली फार रेंगाळू नका. वेग पोहण्याच्या वेगाइतका उतरला की पुढची हालचाल सुरू करा.

सराव तरणतलावातच करा. मामा तलावात एकट्याने श्वास रोखण्याचा प्रयोग मुळीच नको.