लाकडी जमिनीची पूर्वतयारी आणि व्हार्निश

झाड तोडल्यावर त्याची वाढ थांबते. लाकडाची हालचाल मात्र थांबत नाही. हवेतील ओलावा वाढला की लाकूड तो शोषून फुगते. हवा कोरडी झाली की आकसते. ही हालचाल फळीच्या लांबीत नगण्य असते, परंतु रुंदीत लक्षात येण्याजोगी असते. पुण्या-कोकणातील जुन्या घरांत माडीच्या फळ्यांमधील फटी उन्हाळ्यात रुंदावतात व पावसाळ्यात मिटतात, याचे कारण हेच होय.

दिल्लीत हा फरक अधिक तीव्र असतो. २०२३ मध्ये उद्घाटन झालेल्या तेथील संसद भवनासाठी नागपूरचे सागवान आणि आगरताळ्याची बांबूची फरशी वापरण्यात आली. असे साहित्य दूरच्या हवामानातून येत असल्यामुळे, घरात जमीन नव्याने बसवावयाची असल्यास फळ्या प्रथम काही दिवस त्याच खोलीत ठेवाव्यात.

व्हार्निशसाठी ऋतूची निवडही महत्त्वाची आहे. तेलयुक्त व्हार्निश केवळ द्रावक उडून गेल्याने कडक होत नाही. ते हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते. जानेवारीच्या थंडीत ही क्रिया मंदावते, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत ती रेंगाळते, तर मे-जूनमधील वादळांची धूळ ओल्या थरावर कायमची चिकटते. नोव्हेंबरात धुरक्यामुळे खिडक्या बंद ठेवाव्या लागतात व व्हार्निशची वाफ घरातच कोंडते. म्हणून मार्च महिना किंवा ऑक्टोबरचा पूर्वार्ध हाच काळ सोयीचा.

काम आरंभण्यापूर्वी जमीन खरोखर लाकडाची आहे ना, याची खात्री करावी. आजच्या अनेक सदनिकांतील लॅमिनेटवर केवळ लाकडाचे छापील चित्र असते. ते घासू नये.

सैल फळ्या पक्क्या कराव्यात, खिळ्यांची डोकी पृष्ठभागाच्या खाली ठोकावीत आणि खड्डे लांबीने भरावेत. नंतर ६० क्रमांकाच्या काचकागदाने आरंभ करून ८० व १२० क्रमांकापर्यंत, रेषांच्या दिशेनेच घासावे. आडवे ओरखडे व्हार्निशखाली अधिकच उठून दिसतात. घासताना नाकातोंडावर मुखपट्टी असावी. भुसा पूर्णपणे काढून जमीन किंचित ओलसर फडक्याने पुसावी व सुकू द्यावी.

पहिला हात थोडा पातळ करून द्यावा. त्यामुळे तो लाकडात मुरतो. दूरच्या कोपऱ्यापासून दाराकडे येत जावे. प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावर बारीक काचकागद हलकेच फिरवून धूळ पुसावी. एका जाड थरापेक्षा तीन पातळ थर अधिक टिकतात. लाखेपासून केलेले चपडीचे पॉलिश मेज-खुर्चीला शोभते. जमिनीवर मात्र सांडलेल्या पाण्याने त्यावर पांढरे डाग पडतात.

एका धोक्याची जाणीव अवश्य ठेवावी. अळशीचे तेल किंवा तेलयुक्त व्हार्निश लागलेल्या चिंध्यांचा बोळा करून टाकल्यास त्यात आपोआप उष्णता साठते व तो ठिणगीवाचून पेट घेऊ शकतो. अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात अथवा पाण्यात बुडवून ठेवाव्यात.

शेवटच्या थरानंतर किमान एक दिवस जमिनीवर पाऊल ठेवू नये. जड सामान आणखी काही दिवसांनी, न ओढता, उचलून आणावे. व्हार्निश हे लाकडाचे केवळ पांघरूण आहे. ते किती वर्षे टिकेल, हे त्याखाली केलेल्या कामावर ठरते.