जाहिरातीतलं 'ग्रीन' घर

प्रश्न : बाणेर-बालेवाडी भागात फ्लॅट शोधतो आहे. जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत 'सस्टेनेबल लिव्हिंग' नाहीतर 'ग्रीन होम्स' असतं आणि दरही त्याच नावाखाली चढा सांगतात. याला नेमका काय अर्थ आहे? — एक वाचक, औंध

उत्तर : नुसत्या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. आजच्या गरजा भागवताना पुढच्या पिढ्यांच्या तोंडचं काढून घ्यायचं नाही, हा शाश्वत विकासाचा अर्थ संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलंड आयोगाने १९८७ साली मांडला. पुण्यात ही कसोटी आधी पाण्याला लावावी. शहराचं बहुतांश पाणी खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांचं. त्याच पाण्याकडे दौंड-इंदापूरचे शेतकरीही डोळे लावून असतात. ज्या सोसायटीच्या फाटकाशी उन्हाळाभर टँकर उभे असतात, तिच्या गच्चीवर कितीही सोलर पॅनेल असोत, तिला मी सस्टेनेबल म्हणणार नाही.

म्हणून त्याच बिल्डरच्या जुन्या, राहत्या प्रकल्पात जा. सांडपाण्याचा प्लांट रोज चालतो का, शुद्ध झालेलं पाणी फ्लशला वापरतात की नाल्यात सोडतात, महिन्याला टँकरवर किती खर्च होतो, हे तिथल्या रहिवाशांना विचारा. सेल्स ऑफिसमधला माणूस हे सांगणार नाही.

'ग्रीन' सर्टिफिकेट दाखवलं तर ते कोणत्या टप्प्याचं आहे ते पाहा. इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिलचं प्री-सर्टिफिकेशन आराखड्यावर मिळतं. अंतिम प्रमाणपत्र बांधकाम झाल्यावर. पहिलं दाखवून दुसऱ्याचा भाव मागणं ही फसवणूकच.

कायदा आता तुमच्या बाजूने आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीनवॉशिंगविरुद्ध, म्हणजे पर्यावरणपूरक असल्याच्या फसव्या दाव्यांविरुद्ध, मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'सस्टेनेबल', 'इको-फ्रेंडली' असे मोघम शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत आणि 'पुढे करू' अशा आश्वासनामागे प्रत्यक्ष कृतीची योजना दाखवावी लागते. (नुसता हिरवा रंग किंवा झाडाचं चित्र मात्र यात मोडत नाही, तेव्हा चित्रांना भुलू नका.) शिवाय रेरा कायद्याच्या कलम १२ नुसार, खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई मागता येते, प्रकल्पातून बाहेर पडायचं असेल तर भरलेली रक्कम व्याजासह परत घेता येते.

बुकिंगआधी प्रत्येक दाव्याचा पुरावा लेखी मागा आणि जाहिरात, माहितीपत्रक जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.