दसरा काढू या, पण कर्ज न काढता



पितृपंधरवडा लागला की नळावर, पारावर, गटाच्या बैठकीत एकच प्रश्न ऐकू येतो, "काय गं, दसरा काढला का?" घटस्थापनेच्या आधी घरातली चिंधी न् चिंधी धुवायची, भांडं न् भांडं घासायचं, भिंती झाडायच्या, हे आपण आईकडून शिकलो. कुणाच्या घरी घट बसतात, कुणी धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी घर लखलखीत करतं. पावसाळ्यात ओल धरलेलं घर उन्हात काढायचं, हा त्यातला खरा फायदा. म्हणून या महिन्याचा पाठ साफसफाईचा आहे.

आधी माझीच फजिती सांगते. दोन वर्षांपूर्वी सोयाबीनची काढणी तोंडावर आली होती. म्हटलं, एका दिवसात सगळं उरकून टाकू. पहाटे चारला उठले आणि घरातल्या अकरा गोधड्या एकदमच भिजवल्या. दुपारी परतीचा पाऊस कोसळला. रात्री लेकरं पोत्यांवर सतरंजी टाकून झोपली. दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरली ती धरलीच. ऐन सुगीत तीन दिवस कामाला जाता आलं नाही. त्यात रंग, नवे डबे, बाटलीतली साबणं यासाठी गटातून 5,000 रुपये उचलले होते.

नंतर वहीत हिशोब मांडला. दरमहा 2 टक्के व्याज, 500 रुपयांचे दहा हप्ते. पहिल्या महिन्याला 100 रुपये व्याज, मग 90, मग 80, असं करत एकूण व्याज झालं 550 रुपये. तीन दिवसांची मजुरी, रोजचे 300 धरले तरी 900 रुपये. म्हणजे मुद्दल सोडून 1,450 रुपये हातातून गेले, आणि दिसले कुणालाच नाहीत. तेव्हा कळलं की सफाईला पैसा कमी आणि आखणी जास्त लागते. सगळ्यात महाग काय असेल, तर आपला दिवस आणि आपली कंबर.

1. आधी बाहेर काढा, मग विकत घ्या

बाजारात जायच्या आधी माळा, फडताळ आणि कॉटखालचं सामान बाहेर काढा. तीन ढीग करा: ठेवायचं, दुसऱ्याला द्यायचं, भंगारात घालायचं. डबे कमी पडतात असं वाटतं, पण निम्म्या डब्यांत जुने खिळे नि तुटके चमचेच निघतात. जुन्या सुती साड्यांच्या फरशी पुसायच्या चिंध्या होतात, जाड कापड गोधडीला लागतं. भंगाराचे पैसे साबणाला होतात.

एक मात्र लक्षात ठेवा. औषध फवारणीचे रिकामे डबे आणि बाटल्या कितीही धुतल्या तरी पाण्याला, तेलाला, धान्याला वापरायच्या नाहीत.

2. कामाचे दिवस वाटून घ्या

रोज दोन तास, असे आठ दिवस धरा. काम वरून खाली करत यायचं, नाहीतर पुसलेल्या फरशीवर पुन्हा जळमटं पडतात.

पहिला दिवस: माळा आणि जळमटं. तोंडाला ओढणी बांधा.
दुसरा दिवस: भिंती आणि चुना.
तिसरा ते पाचवा दिवस: गोधड्या आणि अंथरूण, रोज दोन-तीनच. आभाळ बघून भिजवा.
सहावा दिवस: भांडी आणि डबे.
सातवा दिवस: धान्य. ऊन द्या, गार होऊ द्या, मग वाळलेला कडुनिंबाचा पाला घालून भरा.
आठवा दिवस: न्हाणी, संडास, अंगण, सारवण.

3. स्वस्तातलं सामान

गोधड्या: आधी काठीनं झोडपून धूळ काढा. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा आणि थोडी साबण पावडर टाकून दोन-तीन तास भिजवा. सोडा हाताला खातो, म्हणून काठीनं ढवळा. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांना सोडा नको, त्यांना रिठ्याचं पाणी चांगलं.

भांडी: तांब्या-पितळेला चिंच आणि मीठ. घासलं की लगेच धुऊन कोरडं पुसायचं, नाहीतर डाग राहतात. रोजच्या भांड्यांना चाळलेली राख चालते. जर्मनच्या भांड्यांना धुण्याचा सोडा लावू नका, ती काळी पडतात.

भिंती: मातीच्या किंवा साध्या गिलाव्याच्या भिंतीला चुना स्वस्त आणि चांगला. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळ्या फुटतात, म्हणून प्लॅस्टिकची बादली नको, लोखंडी घमेलं किंवा डबा घ्या. पाण्यात चुना थोडा थोडा सोडा, लेकरांना लांब ठेवा. रात्रभर विरू द्या, सकाळी फडक्यातून गाळा. त्यात थोडं डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत ओली करून पातळ दोन हात द्या. ऑइलपेंटच्या भिंतीवर चुना धरत नाही, ती साबणाच्या पाण्यानं पुसली तरी पुरे.

गेल्या वर्षीचा माझा खर्च असा: धुण्याचा सोडा 60, साबण पावडर 80, चुना 100, नीळ 10, केरसुणी 50. एकूण 300 रुपये. तुमच्या बाजारात भाव थोडा कमी-जास्त असेल. कर्ज मात्र काढावं लागलं नाही.

4. इथे जपा

संडास धुवायचं ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. दार बंद असेल तर छाती भरून येते, जीवही जाऊ शकतो. चुकून झालंच तर लगेच मोकळ्या हवेत या आणि दवाखाना गाठा. ॲसिड कधीही पाण्याच्या बाटलीत भरून ठेवू नका.

चुना डोळ्यात गेला तर चोळू नका. स्वच्छ पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं सोडा आणि डॉक्टरकडे जा.

सरपण, गोवऱ्या, जुने पत्रे हलवताना आधी काठीनं हलवा, मग हात घाला. पायात चप्पल नको, बूट घाला. साप चावला तर कापू नका, करकचून बांधू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. 108 ला फोन करा आणि सरकारी दवाखाना गाठा.

रांजण, टाकी, हौद नुसता ओतून देऊ नका. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी कडेला चिकटून राहतात. आतून घासून, उन्हात वाळवून मगच भरा. दसरा झाला तरी दर आठवड्याला एक दिवस कोरडा पाळा. टायर आणि फुटके माठ आधी हलवा.

5. ट्रंकेतले कागद

ट्रंक उघडलीच आहे तर कागदही झाडून घ्या. आधार, रेशनकार्ड, लेकरांचे जन्मदाखले, घराचा उतारा, बँकेचं पासबुक असं सगळं एका पिशवीत घालून, घरातल्या दोघांना माहीत असेल अशा जागी ठेवा. वाळवी आणि ओल पैशापेक्षा कागदांचं जास्त नुकसान करते.

पासबुक भरून आणा आणि बघा, मे महिन्याच्या सुमारास अपघात विम्याचे 20 रुपये आणि जीवन विम्याचे 436 रुपये कापले गेलेत का. दोन्ही विम्यांत 2 लाखांचं संरक्षण आहे. ते कापले जात असतील तर वारसाचं नाव बरोबर आहे ना, तेही बँकेत विचारा. आपल्या गावात विमा असूनही घरच्यांना माहीतच नाही, असं व्हायला नको.

6. घर सगळ्यांचं, मग दसरा एकटीचा का?

शेतात आपण सावड करतो: आज तुझ्या रानात, उद्या माझ्या रानात. तीच सावड घरात आणा. गेल्या वर्षी आम्ही पाच जणी एकत्र आलो. एकेक दिवस एकेकीच्या घरी सकाळी दोन तास. ओल्या गोधड्या पिळायला दोघी लागतात, एकटीनं पिळल्या की कंबर जाते. घरमालकिणीनं फक्त चहा द्यायचा. चुना आणि सोडा एकत्र घाऊक आणला, शिडी आणि चुन्याचा कुंचा गटाच्या नावावर घेतला. आता तो दरवर्षी घरोघर फिरतो. आमच्यात एक ताई सात महिन्यांची गरोदर होती. तिला आम्ही वजन उचलू दिलं नाही, तिनं बसून डबे पुसले.

आणि घरातली माणसं? माळा, चुना, पत्रे ही कामं मी मालकांना सांगितली. पहिल्यांदा म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक म्हणतील भिंत चांगली दिसते." मुलाला भांडी आणि मुलीला पुस्तकांचं कपाट दिलं. मुद्दाम असं वाटलं, उलटं नाही.

बैठकीत चर्चेसाठी

1. गेल्या वर्षी दसऱ्याला तुमचा किती खर्च झाला? बुडालेली मजुरीही त्यात धरा.
2. सणासाठी गटातून कर्ज घेतलं का? त्यातलं काय टाळता आलं असतं?
3. आपल्या गटात सावड करायला कोण कोण तयार आहे? पहिलं घर कुणाचं?
4. आजारी, गरोदर किंवा एकटी राहणारी मैत्रीण कोण आहे? तिचा दसरा कोण काढणार?

चौथ्या प्रश्नाचं उत्तर त्याच बैठकीत ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. नुसतं बोलून ठेवलं की दसरा निघून जातो.